बिनपावसाचा पूर

मुख्याध्यापक कृष्णात चौगुले सरांच्या नोकरीला एकोणतीस वर्षं होऊन गेली होती, आणि एवढ्या काळात त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईचा एकही ठिपका पडलेला नव्हता. ना ताकीद, ना ठपका, ना ‘कारणे दाखवा’. कुणाची ओळख असते की त्यांनी पोरांना परदेशी पाठवलं, कुणाची की बंगला बांधला. सरांची ओळख अशी की ते कोरे होते. निवृत्तीला तेरा महिने उरले होते. निरोप समारंभात सेवापुस्तक टेबलावर उघडं ठेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं सहज पान उलटून बघायचं आणि मान हलवून पुढं जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. अशा इच्छा सांगितल्या की हसू होतं.

अशात जूनच्या शेवटी परिपत्रक आलं. प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या सर्जनशील सहभागातून हवामान कृती आराखडा तयार करून पंधरा दिवसांत पोर्टलवर चढवावा, सोबत प्रत्यक्ष कृतीचे फोटो जोडावेत. ‘सर्जनशील’ या शब्दाखाली कुणीतरी दोन रेघा मारल्या होत्या. सरांनी परिपत्रक दुसऱ्यांदा वाचलं ते त्या रेघा बघून.

नाहीतर अशी परिपत्रकं सरांना नवी नव्हती. त्यांच्याकडे एक ठरलेला फोटो होता : चार पोरं, एक कडुलिंबाचं रोप, आणि झारी धरून बाजूला उभे सर. या एका रोपावर शाळेनं पाच योजना पार पाडल्या होत्या. अडचण एवढीच झाली की दर वर्षी फोटो नवा लागे आणि रोप तेच असल्यामुळं ते वाढत गेलं. आता ते सरांच्या डोक्याच्या वर गेलं होतं. लावतानाचा फोटो काढायचा म्हटला असता तर पोरांना शिडीवर चढवावं लागलं असतं.

म्हणजे यंदा पोरांना विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सरांनी चौथीच्या सत्तावीस पोरांपुढं उभं राहून विचारलं, “हवामान बदलतंय. आपल्या गल्लीला त्याचा काय त्रास होतो? सांगा. सर्जनशील सांगा.”

सरांना वाटलं होतं, झाडे लावा, पाणी वाचवा, असं काहीतरी येईल आणि तासाभरात चार्ट रंगवून विषय संपेल.

“पूर येतोय की सर,” राजवीर म्हणाला. त्याच्या घरी पाच म्हशी होत्या आणि कुठल्याही प्रश्नाकडे तो म्हशींच्या बाजूनं बघे. “दोनदा आला. दुसऱ्या टायमाला आमची रेडी सापडली न्हाय.”

“बरं. मग आपण काय करू शकतो?”

पहिल्या बाकावरची श्रुती उठली. नऊ वर्षांची पोर, पण बोलताना आधी वही उघडायची. “सर, पाणी कुठवर येतंय ते कुणालाच नक्की ठावं न्हाय. आमच्या घरात आज्जा एक सांगतोय, बाबा एक सांगतोय. रेघ मारूया का? गल्लीभर. म्हंजे कळंल कुणी कधी निघायचं, कुणाच्या माडीवर जायाचं.”

“म्हशी आधी, मग आज्ज्या,” राजवीर म्हणाला. “आज्ज्या जिना चढत्यात.”

सरांनी मनात हिशेब केला. रेघ एक, रंग थोडा, फोटो तीन. स्वस्तात सुटलो, असं त्यांना वाटलं. माणसाला आयुष्यात जे जे महागात पडतं त्याची सुरुवात या वाटण्यानं होते.

शाळा कुठं आहे ते इथं सांगायला हवं. शिवाजी पेठेतून नदीच्या अंगाला उतार धरला की शेवटी एक लांब गल्ली लागते. गल्लीच्या खालच्या टोकाला वडाची तालीम, वरच्या टोकाला दगडी तालीम, आणि बरोबर मध्ये शाळा. दोन्ही तालमींचे फुटबॉल संघ, दोन्हींचे गणपती, दोन्हींच्या मिरवणुका, आणि या सगळ्यांत मिळून एकच सूत्र : त्यांच्यापेक्षा आपलं जास्त. सर दोन्हीकडे वर्गणी देत, दोन्हीकडचा प्रसाद घेत आणि जाता-येता दोन्ही कट्ट्यांवर सारख्याच मापाचं हसत. जुलै महिना तसा शांततेचा. फुटबॉलचा हंगाम संपलेला, गणपती लांब. पण ही शांतता म्हणजे दोन्हीकडं साठून राहिलेली ईर्षा आहे, वाट मिळाली की ती धावत सुटणार, हे सर विसरले.

पोरांनी आधी चौकशी केली. कागदावर दोन रकाने, घराचं नाव आणि पाणी किती. वडाच्या तालमीचे अध्यक्ष बाळासो कट्ट्यावर बसले होते. एके काळचे पैलवान, उंची सहा फूट, आणि मापं स्वतःच्या अंगावरून सांगायची सवय.

“पाणी व्हय? हितं,” त्यांनी हात डोक्याच्या वर नेला. “आणि मी पंजावर उभा हुतो.”

दगडी तालमीचे अध्यक्ष अमरसिंह. जुने गोलकीपर. तालमीला नावाप्रमाणं दगडी जोतं, चढायला सात पायऱ्या. त्यांनी पोरांना छातीवर हात ठेवून दाखवला. “आमच्यात हिथवर. तालमीच्या खिडकीच्या गजाला नाव बांधलीती. लिही.”

श्रुतीनं लिहिलं आणि विचारलं, “पायरीवर उभं ऱ्हाऊन, का खाली?”

“पोरगी कुणाची गं तू?” अमरसिंह म्हणाले.

ती होती गणपती गवंड्याची नात. रकान्यातली मापं घेऊन ती घरी गेली, आणि गणपती आज्ज्यानं ती बघून चष्मा काढून ठेवला. “ही मापं खरी धरली तर वरच्या टोकाला पाणी जिना चढून गेल्यालं आणि मधल्या घरांत आलंच न्हाई. पाणी असलं करत न्हाई बाळ. पाणी सगळ्यांना सारखं.”

मग दोघांनी मिळून घरातलं जुनं सागवानी कपाट भिंतीपासून ओढलं. समोरून त्याला दोनदा पॉलिश झालं होतं, पण कपाटाची पाठ कोण पॉलिश करतो? तिथं आडवी, सरळ, तपकिरी रेघ होती. पुरानं स्वतः मारलेली. आज्ज्यानं गवंडीकामाची पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं. एक टोक कपाटाच्या रेघेला धरायचं, दुसरं पुढच्या घराच्या भिंतीला. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिर झालं की ज्या उंचीला थांबेल ती पुराची पातळी. अशी नळी घरोघर फिरली. एका टोकाला आज्जा, दुसऱ्याला श्रुती, मागं पंचवीस-सव्वीस पोरं, आणि सगळ्यात मागं फोटो काढत सर. सरांना बऱ्याच वर्षांनी शाळा सुटल्यावर घरी जावंसं वाटलं नाही, आणि याचं त्यांना थोडं भय वाटलं.

भयाचं खरं कारण दुसऱ्या दिवशी समोर आलं.

“सर, आता ऑफिस,” श्रुती म्हणाली. “ऑफिसात किती आलतं?”

“चार फूट,” सर म्हणाले. फार पटकन म्हणाले. कोपऱ्यात झाडू धरून उभ्या असलेल्या विठाबाई शिपाईमावशींनी सरांकडं बघितलं, आणि मग फार मन लावून झाडायला सुरुवात केली.

त्याचं असं होतं. सरांनी या शाळेचा ताबा घेतला तेव्हा मांडणीच्या तिसऱ्या फळीवर सतरा जुनी रजिस्टरं होती. वर्षभरानं उघडून बघितली तर आत वाळवीनं गावं वसवलेली. पुठ्ठे शाबूत, मधे भुगा. वाळवीनं दप्तर खाल्लं हे वर कळवायचं तर पहिला प्रश्न येणार, आपण काय करत होता. सरांनी ते कळवलं नाही. दोन वर्षं रात्री त्यांच्या स्वप्नात वाळवी यायची. मग महापूर आला आणि सरांना देव भेटल्यासारखं झालं. पाणी ऑफिसात आलं होतं, हे खरंच होतं. ते चौदा इंच आलं होतं. पण तिसरी फळी साडेतीन फुटांवर. तेव्हा पंचनाम्यात पाणी चार फूट लिहिणं भाग पडलं. ‘सतरा रजिस्टरं पुराच्या पाण्यात भिजून नष्ट.’ खाली मुख्याध्यापकांची सही, दोन पंचांच्या सह्या. सेवापुस्तक कोरंच्या कोरं राहिलं. ते कोरेपण चौतीस इंच वाढीव पाण्यावर तरंगत होतं, हे दोघांनाच ठाऊक : सरांना आणि मावशींना.

“ऑफिस राहू दे,” सर म्हणाले. “तिथं काम चालू आहे.”

शाळेचं जोतं उंच होतं, त्यामुळं बाहेरच्या भिंतीवरच्या रेघेवरून आत किती पाणी आलं हे रस्त्यावरून कळत नव्हतं. सरांनी त्या जोत्याकडं कृतज्ञतेनं बघितलं.

मग रंगाचा प्रश्न आला. पाणी म्हणून सरांनी निळा डबा आणला, तर बाळासो दारातच उभे. “निळा दगडीच्या जर्सीचा. आमच्या भिंतीवर न्हाई चालायचा.” लाल आणावा तर तो वडाच्या तालमीचा. पांढरा पावसात दिसेना, पिवळा एका तिसऱ्या तालमीचा, तिचा या भानगडीत संबंध नाही पण उगीच कशाला. दोन दिवस आराखडा रंगावर अडला. सरांनी कपाळ चोळत विचारलं, “मग पाण्याला रंग कुठला द्यायचा?”

राजवीर म्हणाला, “निळं कुठं हुतं सर पाणी. चहासारखं हुतं.”

तपकिरी ऑइलपेंट आला. शनिवारी सकाळी सत्तावीस पोरांनी गल्लीत रेघ ओढली. शेवटी श्रुतीनं वहीतून मोठ्यानं वाचून दाखवलं : वडाची तालीम, तीन फूट चार इंच. दगडी तालीम, नऊ इंच.

नऊ इंच. म्हणजे घोट्याच्या वर, पोटरीच्या मध्यावर. दगडी तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या माणसांनी आपापल्या पोटऱ्यांकडं बघितलं. इतकी वर्षं त्यांनी पाहुण्यांना, सोयऱ्यांना, फुटबॉलच्या मैदानावर शेजारी बसलेल्या परक्या माणसांना छातीभर पुराची गोष्ट सांगितली होती. वडाच्या तालमीतून कुणीतरी फक्त एवढंच म्हणालं, “खिडकीला नाव बांधलीती म्हणं. कागदाची असंल.”

सरांनी फोटो पोर्टलवर चढवले आणि रविवारभर झोपले.

सोमवारी सकाळी दगडी तालमीची रेघ सव्वादोन फुटांवर होती. जुनी रेघ पुसलेली, नवी अगदी तशीच, तपकिरी, उलट पोरांच्यापेक्षा सरळ.

“पोरांनी मापात चूक केलीती,” अमरसिंह म्हणाले. “आमी दुरुस्त केली. पोरंच हायत, चुकायचीच.”

मंगळवारी वडाच्या तालमीची रेघ पाच फुटांवर गेली. बाळासोंचं म्हणणं सरळ होतं : वर पाणी दीड फूट चढलं तर खाली तेवढंच चढणार, पाणी सगळ्यांना सारखं, हे गणपती गवंड्यानंच सांगितलंय. थोडं सांडलं म्हणून दोन इंच जास्त. बुधवारी दगडी चार फूट. गुरुवारी वडाची सात. आकाशात ढग नव्हता. पंचगंगा आपल्या जागी गुमान वाहत होती. आणि उतारावरच्या या गल्लीत पाणी रोज सकाळी फूट-दीड फुटानं चढत होतं. मधल्या घरांची पंचाईत झाली, कारण दोन्ही टोकांना पूर आणि मधे कोरडं असं दिसायला लागलं. त्यांनीही आपापली रेघ उचलली. पेठेतल्या दुकानात तपकिरी रंग संपला.

आठव्या दिवशी वडाच्या तालमीची रेघ अकरा फुटांवर पोचली आणि तिथं तिला गॅलरी आडवी आली. गॅलरीत वाळत घातलेल्या लुगड्यावरही थोडी लागली होती.

त्याच दुपारी कुणा वाटसरूनं फोटो काढला आणि मोबाइलवर सोडला. खाली ओळ : ‘यंदाची पूररेषा प्रशासनानं आखली. नागरिकांनी सावध राहावं.’ बस. संध्याकाळपर्यंत तीन कुटुंबांनी गाद्या बांधल्या. एकानं गगनबावड्याला मेव्हण्याला फोन लावला, तिकडं पाऊस पडला की चार दिवसांत इकडं पूर येतो म्हणून. मेव्हणा म्हणाला, “कसला पाऊस पावणं, हिथं आमी पापड वाळत घातल्यात.” तरी गाद्या सुटल्या नाहीत. उलट, मेव्हण्याला खरं सांगायला मनाई असणार, असा अर्थ निघाला. सरांचे कोडोलीचे चुलतभाऊ भल्या सकाळी टेम्पो घेऊन सरांच्या दारात हजर. सर तिसऱ्या मजल्यावर राहत होते.

“तिसऱ्यावर पाणी येतंय व्हय?” सर म्हणाले.

“दादा, अकरा फुटाची बातमी हाय. आल्यासरशी फ्रीज तरी नेऊ द्या.”

फ्रीज गेला.

आणि मग जे व्हायचं ते झालं. शिक्षण कार्यालयातून फोन आला. फोनवर सरांना तीन प्रश्न विचारण्यात आले. ही रेघ कुणाच्या परवानगीनं? कुठल्या मोजणीच्या आधारे? आणि अकरा फूट हा आकडा कुणाचा? सरांनी तिन्ही वेळा “मॅडम” एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या अधिकारी प्रियदर्शनी मॅडम स्वतः पाहणीला येणार असं ठरलं. सरांनी रात्री सेवापुस्तक काढून सगळी पानं एकदा उलटून बघितली, दूर गावी निघालेल्या मुलाची बॅग बघावी तशी.

मॅडम आल्या. पन्नाशीच्या, हातात फायलींचा गठ्ठा, चेहऱ्यावर अठ्ठावन्न शाळांचा शीण. ऑफिसात त्या सरांच्या खुर्चीत बसल्या. समोर सर, बाजूला बाळासो आणि अमरसिंह, दारात गणपती आज्जा नळी खांद्यावर गुंडाळून, आणि त्यांच्यापुढं वही छातीशी धरून श्रुती. मागं खिडकीच्या गजांना लागलेली उरलेली चौथी. विठाबाई मावशी चहा घेऊन आल्या आणि परत जायचं विसरल्या.

“मला एकच सांगा,” मॅडम म्हणाल्या. “खरी रेघ कुठली? पोरांची, का तुमची?”

अमरसिंह उठले. त्यांनी खिशातून एक कागद काढला. लॅमिनेट केलेला. तो कागद लांबून ओळखूनच सरांनी हातातली बशी टेबलावर ठेवली.

“मॅडम, आमी गल्लीतली माणसं. आमच्या तोंडाचं कोण ऐकतंय. पर ह्यो सरकारी पंचनामा हाय, तालमीच्या ट्रंकेत सापडला. ‘शाळेच्या कार्यालयात पुराचे पाणी चार फूट.’ खाली सही, मुख्याध्यापक, कृष्णात चौगुले. पंच म्हणून मी.”

“आणि मी,” बाळासो म्हणाले. “दोघं पंच. वाचलं न्हवतं कुणी, पर सही आपलीच.”

“आता नळी धरा,” अमरसिंह पुढं म्हणाले. “हिथं चार फूट तर आमच्यात साडेतीन फुटाच्या वर. म्हंजे छाती. मी म्हणत हुतोच.”

“आमच्यात सव्वासहा फूट,” बाळासो म्हणाले. “म्हंजे डोक्यावरनं. मी पण म्हणत हुतोच. ते अकरा फूट जरा जास्त झालं, ते आमी मागं घेतो.”

गेल्या चाळीस वर्षांत दोन्ही तालमींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते सरांच्या सहीवर झालं होतं. मॅडमनी कागद वाचला. त्यांचा चेहरा सैल पडला. सरकारी कागद सापडला की सरकारी माणसाचा जीव भांड्यात पडतो. “मग प्रश्नच मिटला,” त्या म्हणाल्या. “मुलांची मोजणी चुकली. पंचनाम्याप्रमाणं रेघ दुरुस्त करा, तसा अहवाल द्या. कुणावर काही नाही.”

कुणावर काही नाही. सरांनी हे शब्द ऐकले. तेरा महिने, एक हार, एक शाल, एक उघडं कोरं पुस्तक. काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं, आणि त्यात तर ते एकोणतीस वर्षांत तरबेज झाले होते.

श्रुती पुढं आली. तिनं पंचनामा वाचला, चार फूट या अक्षरांवर बोट ठेवून. मग सरांकडं बघितलं, आणि मग आज्ज्याकडं. आज्ज्याची मान खाली होती. चाळीस वर्षं नळी धरलेला माणूस, पण समोर कागद होता.

“मग आमचंच चुकलं असंल, सर,” ती म्हणाली. “कपाट हललं असंल पुरात. रविवारी येऊन सगळ्या रेघा पुसतो आमी.”

खिडकीतून राजवीर म्हणाला, “मग म्हशी कुठं न्यायच्या? दगडीत नऊ इंचच येतंय म्हणून तिथं ठरवल्याल्या. तिथं छातीभर येत असलं तर म्हशी मरतील की.”

 श्रुतीनं वही टेबलावर ठेवली, कंपासातून पट्टी काढली आणि ‘नऊ इंच’वर पट्टी ठेवून नीट एक रेघ मारली. खोडायचं ते गिरगटून नाही, पट्टीनं एका रेघेत खोडायचं, हे तिला सरांनीच शिकवलं होतं. मग पट्टी खाली सरकवून ‘तीन फूट चार इंच’वर ठेवली.

“थांब,” सर म्हणाले. “खोडू नको ते.”

तिनं पेन उचलला.

“चौदा इंच होतं,” सर म्हणाले.

“काय?” मॅडम म्हणाल्या.

“इथं. ऑफिसात. पाणी चौदा इंच आलं होतं. नळी लावून बघा, चौदाच भरेल.” सर खुर्ची शोधायला लागले, पण खुर्चीत मॅडम होत्या. “रजिस्टरं पुरात गेली नाहीत. वाळवीनं खाल्ली. पुराच्या आधीच.”

“दोन वर्सं आधी,” विठाबाई मावशी म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. पण इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडताना ते आकड्यासकटच बाहेर पडतं.

आज्ज्यानं खांद्यावरची नळी सोडली. एक टोक बाहेरच्या रेघेला, दुसरं आत, सरांच्या खुर्चीमागच्या भिंतीला. नळीतलं पाणी वर-खाली झालं, थोडं थरथरलं आणि थांबलं. श्रुतीनं गुडघ्यावर बसून टेप लावली. “चौदाला दोन सूत कमी,” ती म्हणाली. मग सरांना बरं वाटावं म्हणून असेल, “चौदाच धरूया.”

बाळासोंना राहवलं नाही. “सर, वाळवी म्हणायचं की त्याच टायमाला. आमी त्याच्यावर पण सही दिली असती.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. “सर, हे तुम्ही मला एकटीला सांगितलं असतं तर काहीतरी बघितलं असतं. आता इतक्या जणांत ऐकलंय. मला लिहावं लागणार.”

“लिहा,” सर म्हणाले. त्यांना वाटलं होतं की हा क्षण आला तर पायाखालची जमीन सरकेल. तसं काही झालं नाही. नुसती खूप झोप आली.

पाणी उतरायला दोन दिवस लागले. कागदच गेला तर छातीभर पुराला आधार कसला? अमरसिंह एक दिवस पडेल चेहऱ्यानं बसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या गल्लीत सगळ्यात कमी पाणी आपल्यात येतं. म्हणजे पूर आला की सगळी गल्ली, वडाच्या तालमीसकट, आपल्या पायऱ्या चढून आपल्याकडं येणार. त्यांनी ‘नऊ इंच’ भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं. बाळासोंनी आपल्याकडं ‘सर्वांत खोल’ असं लिहिलं. दोघंही आपापल्या परीनं पुढं होते, त्यामुळं शांतता झाली. राजवीरनं दगडी तालमीच्या मागच्या बाजूला सहा खुंट्या ठोकून घेतल्या. पाच घरच्या म्हशींच्या, आणि सहावी, जरा बुटकी, मोकळी सोडली. विचारलं तर म्हणाला, असू दे.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात दोन लिफाफे एकदमच आले. एकाच कार्यालयातून, एकाच सहीचे, जावक क्रमांक लागोपाठचे. पहिल्यात होतं की शाळेचा हवामान कृती आराखडा सर्जनशील व उत्कृष्ट असून मुख्याध्यापकांचं अभिनंदन. दुसऱ्यात होतं की मुख्याध्यापकांनी खोटा पंचनामा सादर केल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत द्यावा. सरांनी दोन्ही वाचले. दोन्हींत त्यांचं नाव बरोबर लिहिलेलं होतं.

बाहेर अंधारून आलं होतं. गगनबावड्याकडं पाऊस धरल्याचं सकाळीच कळलं होतं, आणि या वेळी तिकडचे पापड खरोखर आत गेले होते. कोडोलीहून फ्रीज अजून आला नव्हता.

श्रुती वह्यांचा गठ्ठा घेऊन आत आली. तिच्यासमोरच सरांनी अभिनंदनाचं पत्र फायलीत घातलं आणि ती फाईल मांडणीच्या तिसऱ्या फळीवर ठेवली. मग नोटिशीची फाईल उचलली, थोडा वेळ हातात धरली, आणि वाकून, गुडघे धरत, अगदी तळाच्या फळीवर सारली. मागच्या भिंतीवर आता पोरांनी मारलेली चौदा इंचांची तपकिरी रेघ होती. फाईल तिच्या चांगली वीतभर खाली बसली.

श्रुतीनं रेघेकडं बघितलं, फायलीकडं बघितलं.

“सर,” ती म्हणाली, “ती पाण्यात जाईल की.”

“माहीत हाय,” सर म्हणाले, आणि दिवा लावायला उठले.